वाचकांचे प्रश्न : मोठ्या कॅलिबरची रायफल आणि खांद्याने धरलेली भीती

गेल्या अंकात हलक्या रायफलींविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर होती : हत्ती, रानरेडा, मोठे अस्वल अशा अवजड जनावरांसाठी घडवलेली मोठ्या कॅलिबरची, म्हणजे रुंद नळीची, रायफल बाळगावी कशी आणि चालवावी कशी. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रांतील आवश्यक तेवढाच मजकूर येथे घेतला आहे. शिकारीला परवानगी आहे की नाही, असल्यास कोणत्या जनावराची आणि कोणत्या परवान्यावर, हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो व तो आधी विचारून घेणे हे रायफल बाळगणाऱ्याचे पहिले काम आहे. पुढील उत्तरे रायफलीपुरती आणि ती झाडणाऱ्या माणसापुरती आहेत.

प्रश्न : मामांच्या पश्चात त्यांची रायफल रीतसर माझ्या नावावर झाली. ते तिला नेहमी ‘तीनशे पंच्याहत्तर’ म्हणत. रायफलीबरोबर एका जुन्या डब्यात अठरा काडतुसे मिळाली असून त्यांच्या बुडावरही .३७५ हाच आकडा आहे. ती या रायफलीत चालतील असे समजावे काय?

उत्तर : तसे समजू नये, आणि खात्री होईपर्यंत त्यांतील एकही काडतूस नळीत सरकवूनसुद्धा पाहू नये. .३७५ हा आकडा गोळीचा व्यास सांगतो; ०.३७५ इंच म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, किती लांब आहे, तिचा खांदा, म्हणजे मानेकडे निमुळता होणारा भाग, कोठे येतो, बुडाला कड आहे की पट्टा आहे आणि आतील दारू किती दाब निर्माण करते, यांतील काहीही त्या आकड्यावरून कळत नाही. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज बंदूककारांनी १९१२ साली आपले प्रसिद्ध .३७५ मॅग्नम काडतूस बाजारात आणले तेव्हाच त्याची दोन रूपे होती. बोल्टच्या, म्हणजे दांडा मागे-पुढे सरकवून भरायच्या, रायफलीसाठी बुडाशी पट्टा असलेले एक आणि दुनळीसाठी बाहेर आलेली कड असलेले दुसरे. ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्याच व्यासाची आणखीही काडतुसे त्याआधी होती आणि नंतरही निघाली.

आकड्यांचा हा घोळ येथेच संपत नाही. .४७० नायट्रो एक्स्प्रेस या काडतुसाची गोळी प्रत्यक्षात ०.४७५ इंचाची असते. त्याहून जुन्या ‘चार बोअर’, ‘आठ बोअर’ या बंदुकांत तर आकडा जितका मोठा तितकी नळी लहान, कारण नळीच्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतो, हे तो आकडा सांगतो. चार बोअरची एक गोळी म्हणजे पाव पौंड, सुमारे ११३ ग्रॅम. .४६५, .४७०, .४७५ अशी जवळजवळची मापे एकदम का निघाली, असे एका वाचकाने वेगळे विचारले आहे. त्याचे कारण शिकारीत नसून राज्यकारभारात आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० च्या काडतुसांवर बंदी घातली, कारण त्याच मापाच्या जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या आणि शिकाऱ्यांच्या काडतुसांतील साहित्य त्यांच्या कामी येईल अशी धास्ती सरकारला होती. कारखानदारांनी माप थोडे थोडे बदलून बंदीतून वाट काढली.

आपल्या रायफलीकडे वळू. नळीवर, काडतूस बसते त्या भागाच्या जवळ, पूर्ण नाव ठोकलेले असते. ते चांगल्या उजेडात वाचावे आणि काडतुसाच्या बुडावरील अक्षरांशी अक्षर न अक्षर ताडून पाहावे. आकडा जुळला आणि पुढील शब्द जुळला नाही तर काडतूस वेगळे आहे, असेच धरावे. नावे जुळली तरी रायफल एकदा जाणकार कारागिराकडे न्यावी. काडतुसाच्या जागेचा साचा घेऊन तो मापे तपासतो, आणि बोल्टच्या पुढील अंगाला व काडतुसाच्या बुडाला किती फट राहते, हेही पाहतो. पूर्वी कोणी हौसेने नळी आतून वाढवून घेतली असेल तर ते बाहेरून दिसत नाही.

मामांची ती अठरा काडतुसे आठवण म्हणून ठेवावीत, कायद्याने मुभा असेल तर. पितळेवर हिरवट बुरा धरला असेल किंवा पुंगळीच्या मानेवर केसासारखी चीर दिसत असेल तर ती ठेवण्याच्याही लायकीची नाहीत. जुन्या काडतुसांच्या टोपीतील, म्हणजे बुडाशी आघाताने पेटणाऱ्या भागातील, मसाल्यात बहुधा असे क्षार असत की बार काढल्यानंतर ते नळीत मीठ होऊन बसत आणि हवेतील ओल शोषून एका रात्रीत गंज आणत. ते क्षार तेलाने निघत नाहीत, पाण्यानेच निघतात. जुने शिकारी संध्याकाळी नळीत कढत पाणी ओतत ते यासाठी. मामांच्या रायफलीची नळी आतून खडबडीत दिसली तर त्याचे कारण बहुधा हेच असेल.

प्रश्न : मी .४५८ विंचेस्टर मॅग्नम रायफल घेतली आणि मैदानावर टेबलापाशी बसून, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या ठेवून झाडली. पाचव्या बाराला स्कोपची, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीची, कड भुवईवर आदळून रक्त आले. त्यानंतर शंभर मीटरवरही गोळ्या खाली जातात आणि एकमेकींपासून हातभर अंतरावर पडतात. पहिल्या तीन गोळ्या मात्र एकत्र पडल्या होत्या. रायफल परत करावी असे मनात येते. स्कोप बिघडला असेल काय?

उत्तर : स्कोप तपासून घ्यावा, त्याचे स्क्रू घट्ट आहेत का हेही पाहावे, कारण इतक्या धक्क्याने ते ढिले होतात. तरीही पत्रात आपण स्वतःच उत्तर दिले आहे असे मला वाटते. पहिल्या तीन गोळ्या रायफलीने मारल्या. पाचव्या बारानंतरच्या गोळ्या भुवईने मारल्या. माझ्या उजव्या भुवईवरही तशीच चंद्रकोर आहे, त्यामुळे हे हिणवण्यासाठी लिहीत नाही.

आधी धक्क्याचा हिशेब पाहू. ३.६ किलो वजनाची .३०-०६ रायफल साधारण १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे १२ ग्रॅमची, गोळी फेकते तेव्हा ती खांद्याकडे सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने येते आणि तिच्यात २८ जूलच्या आसपास ऊर्जा असते. ४.१ किलोची .३७५ मॅग्नम ३०० ग्रेनची गोळी फेकते तेव्हा ही ऊर्जा ५५ जूलच्या घरात जाते. तितक्याच वजनाची आपली .४५८, ५०० ग्रेनची म्हणजे ३२ ग्रॅमची गोळी फेकताना, ८५ जूलच्या आसपास पोहोचते. म्हणजे हलक्या रायफलीच्या तिप्पट. हा मार सोसणारा माणूस टेबलावर पुढे झुकून, खांदा अडकवून बसलेला असतो तेव्हा त्याच्या शरीराला मागे हलायला जागाच नसते. उभे राहून झाडल्यास कमरेपासून वरचा भाग मागे झुलतो आणि तोच धक्का लांबवर पसरतो. मोठ्या रायफलीची पहिली ओळख टेबलावर करून घेणे हीच मोठी चूक होय, आणि बहुतेक सर्व जण ती करतात, कारण हलकी रायफल तशीच जुळवायची असते.

धक्क्याने खांदा दुखतो आणि चार दिवसांनी बरा होतो. मन मात्र तो प्रसंग विसरत नाही. पुढच्या वेळी चाप दाबण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि डावा हात नळी खाली दाबतो. हे सारे बार उडण्यापूर्वी घडते आणि बाराच्या आवाजात लपून जाते. म्हणून ज्याला हे होते त्याला ते होत आहे याचा पत्ताच नसतो. फ्रेडरिक सेलूससारख्या आफ्रिकेतील नामांकित शिकाऱ्याने १८८१ च्या आपल्या पुस्तकात कबूल केले आहे की तरुणपणी झाडलेल्या चार बोअरच्या बंदुकांनी त्याच्या मज्जातंतूंवर असा परिणाम केला की पुढे कायम त्याचा नेम त्यामुळे बिघडला, आणि त्या बंदुका आपण हाती धरल्याचा त्याला खेद वाटत होता. सेलूसला जे जडले ते आपल्याला जडले तर लाज वाटण्याचे कारण नाही.

निदान करण्याची रीत सोपी आहे. सरावासाठी मिळणारी मुकी काडतुसे, ज्यांत दारू आणि टोपी नसते, ती दोन-तीन आणावीत आणि खऱ्या काडतुसांबरोबर मिसळून भरण्याचे काम एखाद्या विश्वासू, अनुभवी माणसाला सांगावे. आपण पाहू नये. माझ्या एका स्नेह्याने हा प्रयोग माझ्यावर केला तेव्हा तिसऱ्या खेपेस मी नेम धरला, श्वास सोडला, चाप दाबला. नुसती ‘टक्’ झाली आणि नळीचे टोक वरून कोणी चापट मारावी तसे वीतभर खाली गेले. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी काही न बोलता लक्ष्याकडे पाहिले. मला त्या क्षणापर्यंत शपथेवर सांगता आले असते की माझा हात हलत नाही.

उपायाला वेळ लागतो. पहिले काही आठवडे .४५८ कपाटातच राहू द्यावी आणि .२२ वर शेकडो गोळ्या झाडाव्यात, त्याही बहुतांश उभ्याने. मग मधल्या ताकदीची रायफल घ्यावी. त्यानंतर .४५८ ला हात घालावा, शक्य असल्यास कारखान्यातून आलेल्या सौम्य काडतुसांनी, आणि एका बैठकीत तीन बारांवर थांबावे. चौथा बार चांगला जाईल असे वाटत असतानाच थांबणे फार जड जाते, पण थांबावे. कानांत बोळे आणि त्यांवर कर्णरक्षक असे दुहेरी संरक्षण ठेवावे. धक्क्याची भीती म्हणून आपण जी ओळखतो ती निम्मी आवाजाची भीती असते, हे दुहेरी संरक्षणानंतर बऱ्याच जणांच्या लक्षात येते.

त्याबरोबर रायफल अंगाला बसते का, ते पाहावे. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, आखूड असेल तर तोंड स्कोपच्या जवळ जाते आणि अंगठ्याचे हाड नाकावर येते. लांब असेल तर तो बगलेत अडकतो. मोठ्या कॅलिबरच्या स्कोपचे मागील भिंग डोळ्यापासून नऊ-दहा सेंटिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसले पाहिजे. दुकानात उभे राहून हे जुळते. खरी परीक्षा बसून, गुडघ्यावर आणि चढावर नेम धरताना होते, कारण तेव्हा मान पुढे येते. भुवईची जखम बहुधा तिथेच होते. दस्त्यात अर्धा किलो शिसे बसवून रायफल ४.६ किलोची केली तर वरचा आकडा ८५ वरून ७५ च्या जवळ येतो. दिवसभर खांद्यावर वाहताना तो अर्धा किलो जाणवेल आणि बार काढताना आवडेल.

काही जण सुचवतात तसे, रायफल जड लोखंडी चौकटीत बांधून झाडू नये. खांदा वाचतो हे खरे. पण रायफलीला मागे सरकता आले नाही की सगळा धक्का दस्त्याचे लाकूड घेते. याविषयी शेवटच्या प्रश्नात पुन्हा लिहिले आहे.

प्रश्न : मोठी गोळी जनावराला नुसत्या दणक्यानेच आडवे करते, त्यामुळे नेम थोडा चुकला तरी भागते, असे आमच्या परिचयातील एक गृहस्थ सांगतात. लहान कॅलिबरवाल्याला अचूक मारावे लागते, मोठ्याला तशी गरज नाही, हे कितपत खरे?

उत्तर : यातील पहिला भाग भौतिकशास्त्राला मान्य नाही आणि दुसरा भाग जनावराला. गोळी जनावराला जितका संवेग देते तितकाच, किंबहुना सुटणाऱ्या वायूंमुळे त्याहून थोडा अधिक, रायफल झाडणाऱ्याला देते. दणक्याने सातशे किलोचा आफ्रिकी रानरेडा आडवा होत असता, तर सत्तर किलोचा शिकारी त्याच्याही आधी उडून पडला असता. .३७५ च्या ३०० ग्रेन गोळीचा सारा संवेग त्या रेड्याने गिळला तरी त्याचे शरीर सेकंदाला दोन सेंटिमीटर या वेगाने सरकेल. गोगलगायीहून थोडे जलद.

मग मोठ्या गोळीचा उपयोग काय? ती जाड हाड फोडूनही सरळ रेषेत खोल जाते आणि तिचा मार्ग रुंद असतो. समोरून किंवा तिरक्या अंगाने येणाऱ्या जनावराच्या बाबतीत हृदय, फुप्फुसे किंवा मेंदू यांपर्यंत पोहोचण्यासाठी जे मांस आणि हाड ओलांडावे लागते, ते ओलांडण्याची खात्री ती देते. आफ्रिकेतील अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ किंवा त्याच्या जवळचे माप किमान म्हणून ठरवले आहे ते याच खात्रीसाठी. गोळीची घडणही तितकीच महत्त्वाची. मऊ टोकाची गोळी आत शिरताच छत्रीसारखी फुलते आणि रुंद जखम करते. घन गोळी फुलत नाही, म्हणून हत्तीच्या कवटीसारख्या ठिकाणी ती वापरतात. घन गोळी पलीकडून बाहेर पडून मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला, किंवा न दिसणाऱ्या माणसाला लागू शकते. कळपात उभ्या रेड्यावर झाडण्यापूर्वी त्याच्या मागे काय आहे हे पाहण्यात जे दोन-चार क्षण जातात ते जाऊ द्यावेत, संधी हुकली तरी.

डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचे उदाहरण अशा वेळी हटकून दिले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले व त्यांतील बहुतेक ७ मिलिमीटरसारख्या हलक्या रायफलींनी. हस्तिदंतासाठी झालेल्या त्या कत्तलीचा आकडा आज वाचवत नाही. पण रायफलीच्या दृष्टीने त्यातून काही समजते. बेलने हत्तीची कवटी लांबीत करवतीने कापून मेंदू नेमका कोठे आणि किती मोठा आहे हे पाहिले होते. घन गोळ्या तो वापरत असे. आणि हलक्या रायफलीचा धक्का नसल्याने त्याचा नेम कधी डळमळला नाही. म्हणून ७ मिलिमीटर पुरते असा निष्कर्ष काढणारे बेलने कापलेली ती कवटी विसरतात, आणि त्याला नशीबवान म्हणून बाजूला सारणारे स्वतःचा खांदा विसरतात. पोटात गेलेली .४५८ ची गोळी म्हणजे दाट झुडपात शिरलेला जखमी रेडा आणि त्याच्यामागे जाण्याची आपली जबाबदारी. कॅलिबरने त्यात फरक पडत नाही.

आपल्या परिचितांना .३७५ स्थिर हाताने झाडता येत असेल आणि .४५८ झाडताना डोळे मिटत असतील, तर त्यांच्यासाठी .३७५ हीच मोठी रायफल आहे.

प्रश्न : दुनळी रायफल घ्यावी की बोल्टची?

उत्तर : दुनळीचे सुख म्हणजे दुसरा बार. दोन स्वतंत्र चाप, दोन स्वतंत्र यंत्रणा, आणि पहिली गोळी गेल्यावर हात न हलवता लगेच दुसरी. जिम कॉर्बेट यांच्याकडे हलक्या .२७५ बोल्ट रायफलीच्या जोडीला .४५०/४०० ची दुनळी होती. तिसऱ्या गोळीची वेळ आली की मात्र दुनळी उघडून भरावी लागते.

दुनळीची खरी मेख तिच्या जुळवणीत आहे. दोन नळ्या समांतर दिसल्या तरी त्या किंचित आतल्या बाजूला झुकवून डाखलेल्या असतात, जेणेकरून ठरावीक अंतरावर, बहुधा पन्नास ते शंभर मीटरच्या दरम्यान, दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी पडाव्यात. ही जुळवणी एका विशिष्ट वजनाच्या आणि वेगाच्या गोळीसाठी कारागीर पुन्हा पुन्हा झाडून करतो. काडतूस बदलले की दोन नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडेनाशा होतात. जुनी दुनळी घेताना ती कोणत्या काडतुसासाठी जुळवली आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ते तिच्यावर बहुधा ठोकलेले असते.

बोल्टच्या रायफलीत १८९८ च्या माउझर पद्धतीची यंत्रणा आजही धोकादायक जनावरांसाठी पसंत करतात. तिचा रुंद पंजा मॅगझिनमधून वर येणारे काडतूस लगेच बुडाशी पकडतो आणि नळीत नेऊन ठेवीपर्यंत सोडत नाही. घाईत बोल्ट अर्धाच ओढला गेला तरी दोन काडतुसे एकमेकांत अडकण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. या यंत्रणेत काडतूस हाताने थेट नळीत टाकून बोल्ट जोराने बंद करू नये. अस्सल जुन्या घडणीत पंजा बुडावरून उडी मारायला बनवलेला नसतो आणि कालांतराने तो मोडतो. काडतूस खाली मॅगझिनमध्ये दाबावे आणि मग वर घ्यावे.

बोल्ट मागे नेताना तो पूर्ण मागे आदळला पाहिजे. खांद्यावरून रायफल न उतरवता, नजर लक्ष्यावर ठेवून, मुक्या काडतुसांनी हे रोज दहा वेळा केले तर महिनाभरात हात आपोआप पुरे अंतर जातो. ज्यांना हे कंटाळवाणे वाटते त्यांनी दुनळी घ्यावी, आणि तिची किंमत ऐकल्यावर हा कंटाळाच परवडला असे त्यांना म्हणावे लागेल.

काही छोटे प्रश्न

एका वाचकाने नळीच्या टोकावरील ब्रेकविषयी विचारले आहे. तो वायूंना बाजूला व मागे वळवून धक्का बराच कमी करतो, पण तोच वायू आणि आवाज झाडणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्या कानांकडे येतो. मोठ्या रायफलीच्या बाराचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या घरात असतो आणि क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही कानाची धोक्याची मर्यादा मानतात. मैदानावर संरक्षण घालून ब्रेक वापरावा. वाटाड्या शेजारी उघड्या कानांनी उभा असताना तो काढून ठेवावा आणि रायफल ब्रेकशिवाय पुन्हा जुळवून घ्यावी, कारण गोळी पडण्याची जागा बदलते.

नेम किती अंतरावर जुळवावा? .३७५ ची ३०० ग्रेन गोळी जवळजवळ .३०-०६ च्या १८० ग्रेन गोळीसारखीच वाट धरते, त्यामुळे तिला दूरचे अंतर झेपते. .४५८ शंभर मीटरवर जुळवली तर दोनशे मीटरवर गोळी वीतभर किंवा त्याहूनही खाली पडते. ही रायफल जवळच्या अंतरासाठीच आहे.

पावसात नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली तर नेम बिघडतो का? बिघडत नाही. गोळीच्या पुढे दाबली जाणारी हवाच पट्टी उडवून देते. पाणी, चिखल किंवा साफ करताना अडकलेला फडक्याचा तुकडा नळीत राहणे हे मात्र प्राणघातक आहे. नळी फुगते किंवा फुटते. रायफल पडली, टेकली, चिखलात गेली की ती रिकामी करून नळीतून उजेड पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चाप दाबला आणि बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे. दारू कधी कधी उशिरा पेटते. बोल्ट लगेच उघडला तर ती हातात पेटेल.

रायफल चामड्याच्या पेटीत वर्षानुवर्षे ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला खातात. कुलूपबंद पोलादी कपाट, रिकामी नळी, काडतुसे वेगळ्या कुलपात, हे बरे.

प्रश्न : माझ्या .४१६ रिग्बी रायफलीच्या दस्त्यावर, बोल्टच्या मागे जेथे लोखंड संपून लाकूड सुरू होते तेथे, दोन सेंटिमीटर लांबीची बारीक रेघ दिसू लागली आहे. लाकडाची नैसर्गिक शीर असावी असे वाटते. आतापर्यंत पस्तीस बार काढले आहेत.

उत्तर : शीर असती तर ती पहिल्या दिवसापासून दिसली असती. बोटाच्या नखाने रेघेवरून आडवे जावे. नख अडखळले तर ती चीर आहे. रेघेवर पातळ तेलाचा एक थेंब ठेवून, पाच मिनिटांनी वरचे तेल पुसून, दस्ता दोन्ही हातांनी हलका पिळून पाहावा. चिरेतून तेल पुन्हा वर आले की शंका राहत नाही.

.४१६ रिग्बी हे १९११ चे काडतूस. त्याची पुंगळी मुद्दाम प्रशस्त ठेवली होती, कारण उष्ण प्रदेशात कॉर्डाइट दारूचा दाब वाढून पुंगळ्या नळीत चिकटत आणि ऐन वेळी बोल्ट उघडत नसे. दाब कमी ठेवला तरी ४०० ग्रेनची गोळी सेकंदाला सव्वासातशे मीटरच्या वेगाने पुढे जाते आणि तिचा सारा धक्का दस्त्यातील एका खाचेवर येतो. नळीखालील लोखंडी ठोकळा त्या खाचेत घट्ट बसलेला असला पाहिजे. लाकूड सुकून तेथे कागदाएवढी फट पडली की प्रत्येक बाराला सारे लोखंड त्या फटीतून मागे येऊन आपल्या मागील निमुळत्या शेपटाच्या टोकाने लाकडात पाचर मारते. आपली चीर नेमकी त्या जागी आहे.

कारागिराला तीन गोष्टी करायला सांगाव्यात : चीर उघडून इपॉक्सीने भरणे व आडवा पोलादी बोल्ट घालणे, ठोकळ्याची बैठक इपॉक्सीने नव्याने घट्ट करणे, आणि शेपटाच्या मागे लाकूड खरवडून पोस्टकार्डाच्या जाडीची मोकळी जागा ठेवणे. गरज वाटल्यास नळीखाली दुसरा ठोकळा बसवता येतो. मोठ्या कॅलिबरच्या बऱ्याच रायफलींत तो मुळातच असतो. काम झाल्यावर दोन्ही स्क्रूंच्या खाचांची दिशा पेन्सिलीने लाकडावर खूण करून ठेवावी आणि प्रत्येक पाच बारांनी ती जुळते का पाहावी. तोपर्यंत या रायफलीने छत्तिसावा बार काढू नये.